स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, आणि त्या फाइल्स हाताने उडवायच्या नसतात

माझ्या मामेभावाला सर्व्हर सांभाळायची पहिलीच नोकरी लागली आहे. त्यांवर व्हर्च्युअल मशीन चालतात, म्हणजे एका खऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने उभे केलेले अनेक संगणक. परवा रात्री त्याचा फोन आला, "दादा, डेटास्टोअर भरत आलंय, या जुन्या फाइल्स उडवू का?" डेटास्टोअर म्हणजे या मशीनच्या डिस्कच्या फाइल्स ठेवायची सामायिक जागा. हा सल्ला त्याला एका फॉरवर्डमधून मिळाला होता. तोच मेसेज मलाही तीन ग्रुपांवर आलाय. त्यात म्हटलंय: रोज स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घ्या, मग बॅकअप नको; जागा संपली की जुन्या तारखेच्या व्हीएमडीके फाइल्स (मशीनची डिस्क ज्यात असते त्या) डिलीट करा; थिन डिस्क (लिहाल तेवढीच जागा घेणारी) दिली की जागेची चिंता मिटली; आणि मशीनच्या आतल्या फाइल्स काढल्या की डेटास्टोअर मोकळं होतं.

आधी त्या डिलीटचं बोलतो, कारण त्यात माणसाची नोकरी जाऊ शकते. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क लिहिण्यासाठी बंद होते. पुढचं सगळं लिखाण नव्या डेल्टा फाइलमध्ये, म्हणजे फक्त बदल साठवणाऱ्या फाइलमध्ये जातं. दुसरा स्नॅपशॉट घेतला की पहिली डेल्टाही गोठते. म्हणजे यादीत सर्वांत जुनी तारीख दिसते ती मूळ डिस्कची, जिच्यावर अख्खी साखळी उभी आहे! भावाच्या यादीत मूळ फाइल आणि तिच्यामागे '०००००१', '०००००२' अशा शेपटीच्या एकूण नऊ डेल्टा होत्या, आणि त्याचा माउस नेमका मूळ फाइलवर होता. मशीन चालू असेल तर लॉकमुळे कदाचित वाचाल. बंद असेल तर अडवणारं कुणी नाही. मधली एक कडी गेली तरी पुढच्या सगळ्या डेल्टा निरुपयोगी. जागा हवी असेल तर स्नॅपशॉट मॅनेजरमधूनच डिलीट करा. तिथे डिलीट म्हणजे डेल्टा खालच्या डिस्कमध्ये मिसळणं, डेटा जात नाही.

बॅकअपचं उत्तर यातच आलं. मूळ डिस्क गेली की स्नॅपशॉटही गेला, कारण दोन्ही एकाच डेटास्टोअरवर. हे सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर स्वतःच सांगते: स्नॅपशॉट बॅकअप म्हणून वापरू नका, एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, साखळीत ३२ चालत असले तरी वेगासाठी २-३ च बरे. पॅच टाकण्याआधी स्नॅपशॉट घ्यावा हे मात्र खरं, मीही घेतो. काम झालं की त्याच दिवशी काढतो.

थिन डिस्कने जागा वाचते, हेही मान्य. पण २ टीबीच्या डेटास्टोअरवर ५०० जीबीच्या सहा थिन डिस्क दिल्या की ३ टीबीचा शब्द देऊन बसलात. डेटास्टोअर भरलं की ज्या मशीनला नवी जागा लागेल ती थांबते. लिनक्समध्ये डिस्कची जागा वाटणाऱ्या एलव्हीएमचा थिन पूल (थिन डिस्कांची सामायिक जागा) भरला तर मूळ सेटिंगनुसार ६० सेकंद वाट पाहून लिखाणाला एरर देतो.

आणि आतल्या फाइल्स काढून खालची जागा सुटत नाही, आतल्या सिस्टिमने डिस्कार्ड ('ही जागा आता नको' असा निरोप) पाठवला आणि खालच्या थराने तो मानला तरच सुटते. डेल्टा चालू असताना तर डिलीट हेही एक लिखाणच, त्याने ती वाढते.

डेल्टा मिसळायला मोकळी जागा हवी म्हणून भावाला आधी दुसऱ्या एका मशीनची डिस्क वेगळ्या डेटास्टोअरवर हलवायला लावली, मग एकेक स्नॅपशॉट काढला. शेवटचा मिसळायला पहाटेचे चार वाजले. त्या स्नॅपशॉटवाल्या मशीनचा खरा बॅकअप आजवर एकही नाही. आज संध्याकाळी दोघं तेच लावायला बसतोय.