अलिसा कॅम्पलिनबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा
ऑस्ट्रेलियाचं पहिलं विंटर ऑलिम्पिक गोल्ड एरियल्सवाल्या (स्की घालून रॅम्पवरून उडी मारत हवेत गिरक्या घेण्याचा खेळ) अलिसा कॅम्पलिनचं आणि तेही नशिबाने मिळालं, असा मेसेज फिरतोय, दोन्ही चूक आहे. पहिलं गोल्ड स्टीव्हन ब्रॅडबरीचं, शॉर्ट ट्रॅक स्केटिंगमध्ये, 2002 सॉल्ट लेक सिटी, अलिसाचं त्यानंतर दोनच दिवसांनी, म्हणजे ती पहिली ऑस्ट्रेलियन महिला, हे काय कमी आहे का? आणि नशीब कसलं, मूळची जिम्नॅस्ट, स्कीइंग उशिरा शिकली, रॅम्पवरून स्की घालून थेट पाण्यात उड्या मारत हवेतल्या गिरक्या पक्क्या केल्या, फायनलला तर दोन्ही घोट्यांना फ्रॅक्चर होतं तरी दोन्ही जंप नीट लँड केल्या. पुढे 2003 ला वर्ल्ड चॅम्पियन, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर 2006 तुरिन ऑलिम्पिकला ब्राँझ. मेसेज पुढे पाठवला असेल तर प्लीज तिथेच दुरुस्ती टाका.