वकीलपत्र सैतानाचं

ज्युनिअर वकिलांच्या स्टायपेंडवरून काल कट्ट्यावर पुन्हा पेटलं. बार कौन्सिलने २०२४ मध्ये शहरात महिना २० हजारांची शिफारस केली; शिफारसच ती, सक्ती नाही.

पम्याने घसा साफ केला. "मी आपला डेव्हिल्स ॲडव्होकेट म्हणून, म्हणजे मुद्दाम उलट बाजूने बोलतोय हां. फुकट शिकायला मिळतं, वर पैसे कशाला?"

हे त्याचं कॉलेजपासूनचं पालुपद. गोव्याच्या ट्रिपचे पैसे काढायची वेळ आली तेव्हाही हा डेव्हिल्स ॲडव्होकेटच होता.

शलाका सिनिअरकडे दिवसभर ड्राफ्टिंग करून आली होती. तिने कटिंग कट्ट्यावर ठेवलं. "ते खरं पद होतं, पम्या. १५८७ मध्ये पोप पाचव्या सिक्स्टसने रीतसर ठरवून दिलेलं. एखाद्याला संत जाहीर करायचं असलं की त्याच्या चारित्र्यावर, चमत्कारांवर शंका काढायच्या, त्याही लेखी. १९८३ मध्ये दुसऱ्या जॉन पॉलने त्या पदाचे दात पाडले. तू आक्षेप स्वतःचाच घेतोस, वकीलपत्र मात्र सैतानाचं दाखवतोस!"

पम्या गप्प. शलाका थांबेना. "आणि सैतान कोण, सांगू? मी! आयर्लंडमध्ये नवा बॅरिस्टर वर्षभर मास्टरच्या हाताखाली राबतो, त्याला डेव्हिलच म्हणतात. लंडनमध्ये सरकारची मोठमोठी प्रकरणं चालवणारा वकील, तो ट्रेझरी डेव्हिल. फरक एवढाच की त्याला फी मिळते."

नानांची हयात छापखान्यात गेलेली. ते म्हणाले, "इंग्रजांच्या छापखान्यात शाईने माखलेलं उमेदवार पोरगं म्हणजे प्रिंटर्स डेव्हिल. अक्षरांचे झिजलेले खिळे टाकायची पेटी, ती हेलबॉक्स. आमच्या प्रेसमध्ये हे काम माझ्याकडे होतं. नखांतली शाई रविवारीसुद्धा निघायची नाही. पण शनिवारी हातावर पैसे पडायचे!"

मला नानांचं आणि शलाकाचं शंभर टक्के पटतं. माणूस राबवून घेतलात तर दाम मोजा. शिकवतो म्हणून उपकार कसले?

"मग डेव्हिल्ड एग्जमध्ये कोण राबतं?" पम्याने विषय वळवला.

"मोहरी आणि तिखट," शलाका म्हणाली. "अंड्याचा विषय तूच काढलास, आता भुर्जी सांग."

"डेव्हिल्स ॲडव्होकेट म्हणून सांगतो, भुर्जीचे पैसे..."

पुढचं कुणी ऐकूनच घेतलं नाही. नानांनी हसत हसत त्याच्या खिशातून पाकीट काढलं आणि गाडीवाल्याला पाच प्लेटची ऑर्डर दिली.