‘रॅम नंतर वाढवू’ : त्या लॅपटॉप-फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

भाचीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश पक्का झाला आणि त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर तो मजकूर येऊन पडला. ‘लॅपटॉप घेताय? आधी हे वाचा!’ मजकूर एवढाच: सगळे लॅपटॉप एकाच कारखान्यात बनतात, स्वस्त आणि महाग यांत फरक फक्त स्टिकरचा. प्रोसेसरचा पहिला आकडा बघा, ७ म्हणजे ५ पेक्षा नवा आणि वेगवान. रॅम ८ जीबी घ्या, पुढे दोन हजारांत १६ करून मिळते. ऑफिसवाल्या मालिकेतला सर्वांत स्वस्त घ्या, तो मिलिटरी ग्रेड असतो. आणि फुल एचडी लिहिलं असलं की स्क्रीनची चिंता नको. तिच्या बाबांनी यावर विसंबून दुकानदाराला आगाऊ रक्कमही दिली. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

कारखान्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, तो आधी देऊन टाकतो. क्वांटा, कॉम्पाल यांसारख्या तैवानी कंपन्या अनेक ब्रँडसाठी लॅपटॉप जुळवून देतात, आणि एकाच छताखाली एकाच ब्रँडची स्वस्त आणि महाग यंत्रं तयार होऊ शकतात. पण छत एक म्हणून मदरबोर्ड, म्हणजे आतलं मुख्य सर्किट, एक होत नाही. लॅपटॉपची किंमत ठरते ती बोर्डावर काय आहे, काय डकवलेलं आहे आणि काय काढता येतं यावरून. हे सगळं आराखड्याच्या टप्प्यावरच ठरतं. स्टिकर शेवटी लागतो.

आता पहिल्या आकड्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात आणि हा मुद्दा सरळ चुकीचा आहे.

प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये लॅपटॉप प्रोसेसरच्या नावांची नवी पद्धत स्वतःच जाहीर केली. चार आकडे, शेवटी अक्षर. पहिला आकडा म्हणजे कोणत्या वर्षाच्या यादीत तो विकला जाणार. ७ म्हणजे २०२३. दुसरा आकडा म्हणजे बाजारातली पायरी: ३ आणि ४ असेल तर रायझन ३, ५ आणि ६ असेल तर रायझन ५. तिसरा आकडा म्हणजे आतली रचना, म्हणजे खरी पिढी: २ असेल तर झेन २ (झेन हे एएमडीच्या रचनेचं नाव), ३ असेल तर झेन ३ किंवा तिची सुधारित आवृत्ती, ४ असेल तर झेन ४. चौथा आकडा त्याच गटात वरचा की खालचा, आणि शेवटचं अक्षर विजेच्या वापराचं. यू म्हणजे साधारण १५ ते २८ वॅटचा गट. हे कुणा यूट्यूबवाल्याचं म्हणणं नाही, बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा तक्ता आहे. तो एकदा समोर ठेवला की फॉरवर्डमधला दुसरा मुद्दा संपतो.

उदाहरण घ्या. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. दोन्हींवर ‘रायझन ५’, दोन्हींवर ‘७०००’, फरक फक्त तिसऱ्या आकड्याचा. ७५२०यू मध्ये झेन २ रचनेचे ४ कोअर (काम करणारे भाग), ८ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) आणि ४ एमबी एल-३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी). ७५३०यू मध्ये झेन ३ चे ६ कोअर, १२ थ्रेड आणि १६ एमबी एल-३ कॅश. झेन २ ही रचना बाजारात आली २०१९ मध्ये. त्याहून टोचणारी गोष्ट म्हणजे २०२१ चा रायझन ५ ५५००यू. तोही झेन २ च, पण त्याच्यात ६ कोअर, १२ थ्रेड आणि ८ एमबी कॅश आहे. म्हणजे कोड कंपाइल करणं, मोठी एक्सेल शीट, व्हिडिओ एक्स्पोर्ट अशा सगळे कोअर राबवणाऱ्या कामात हा ‘५’ वाला जुना चिप त्या ‘७’ वाल्या नव्याच्या पुढे जातो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हा तक्ता उघडलाच नाही.

७५२०यू टाकाऊ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तो ६ नॅनोमीटरच्या बारीक निर्मिती-पद्धतीवर बनतो, वीज कमी खातो, त्याचा ग्राफिक्स भाग नव्या घराण्यातला आहे, आणि यूट्यूबवर वापरला जाणारा एव्ही१ व्हिडिओ तो हार्डवेअरमध्ये उलगडतो. टायपिंग, ब्राउझर, ऑनलाइन तास एवढंच काम असेल तर तो चालतो. तो एंट्री-लेव्हल लॅपटॉपसाठीच बनवला आहे आणि त्या जागी ठीक आहे. त्याला ७५३०यू च्या शेजारी, त्याच किमतीच्या आसपास उभं केलं जातं, तिथे गडबड होते.

एएमडीचा प्रतिस्पर्धी इंटेलही यात मागे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये इंटेलने याच ७५२०यू वर बोट ठेवून जाहिरातीचं सादरीकरण काढलं होतं आणि थोड्याच दिवसांत ते मागेही घेतलं. पण त्यांच्याच यादीत कोअर आय३-एन३०५ आहे. नावात ‘कोअर आय३’ असलं तरी त्यात ८ कोअर सगळे कमी वीज खाणारे, छोटे. मोठा कोअर एकही नाही. मेमरीचा चॅनेल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातली वाट, एकच. त्याच्या शेजारी आय३-१२१५यू असतो: २ मोठे आणि ४ छोटे कोअर, ८ थ्रेड, मेमरीचे दोन चॅनेल. दुकानाच्या पाटीवर दोन्ही फक्त ‘आय३, ८ जीबी, ५१२ जीबी’. ‘एन’ हे अक्षर बघायची सवय लावून घ्या. २०२३ पासून इंटेलने लॅपटॉपसाठी सेलेरॉन आणि पेंटियम ही नावं काढून टाकली, त्यामुळे खालची पायरी ओळखायची जुनी खूणही गेली. अजून कुणी सेलेरॉन एन४०२० विकायला बसला असेल तर तिथून उठा: २ कोअर, २ थ्रेड, आणि बहुतेक वेळा सोबत ६४ किंवा १२८ जीबी ईएमएमसी, म्हणजे फाइली साठवायची स्वस्त आणि संथ चिप. ईएमएमसीची कागदावरची कमाल गती सेकंदाला ४०० एमबी; साध्या एनव्हीएमई एसएसडीची (साठवणीची जलद पट्टी) त्याच्या सात-आठ पट. शिवाय ईएमएमसी बोर्डावर डकवलेली असते, म्हणजे ती मेली की बोर्ड मेला. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा अशी आहे, म्हणून हे यंत्र विंडोज ११ घालून विकता येतं. पण एक मोठा अपडेट आला की ६४ जीबीत जागा उरत नाही.

आता रॅम. हा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण चूक कळते तेव्हा पैसे देऊन झालेले असतात.

‘नंतर वाढवू’ हे तेव्हाच शक्य आहे जेव्हा लॅपटॉपमध्ये रॅमचा स्लॉट असतो. वर सांगितलेला ७५२०यू, आणि त्याचा धाकटा ७३२०यू, हे फक्त एलपीडीडीआर५ मेमरी घेतात. त्या लॅपटॉपांत ती मेमरी पट्टी म्हणून येत नाही, चिपच्या रूपात बोर्डावर सोल्डर केलेली असते. लेनोवोच्या आयडियापॅड स्लिम ३ चं १५एएमएन८ मॉडेल, असुसचं विवोबुक गो १५ चं ई१५०४एफए, एसरच्या अ‍ॅस्पायर ३ मधलं ए३१५-२४पी: तिन्हींत हेच. ८ जीबी घेतली तर ती मरेपर्यंत ८ जीबीच राहणार. दोन हजारांत काय, वीस हजारांतही दुकानदार ती १६ करून देऊ शकत नाही. आणि त्या ८ मधूनही ग्राफिक्ससाठी हिस्सा कापला जातो, त्यामुळे विंडोजमध्ये ‘वापरण्याजोगी’ मेमरी ८ पेक्षा कमी दिसते. अँड्रॉइड स्टुडिओ हे मोबाइल अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर त्याच्या एम्युलेटरसह (स्क्रीनवरचा नकली फोन) चालवायचं तर गूगलच किमान १६ जीबी मागते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कॉम्प्युटरच्या मुलांना हे लागतंच.

स्लॉट असलेल्या लॅपटॉपातही एक गोष्ट लक्षात ठेवा. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमची एकच पट्टी लावलेली असेल तर सेकंदाला २५.६ जीबी डेटा जाईल एवढीच वाट मिळते. दोन सारख्या पट्ट्या लावल्या की ५१.२. ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच असल्यामुळे त्याचा फरक स्क्रीनवर दिसतो. म्हणून ८ ची पट्टी काढून १६ ची एकच घालण्यापेक्षा शेजारी दुसरी ८ ची घालणं बरं, जर दुसरी जागा असेल तर.

ही जागा आहे की नाही ते दुकानात एका मिनिटात कळतं. डेमोचा लॅपटॉप सुरू करून कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग मेमरी उघडा. खाली ‘फॉर्म फॅक्टर’ अशी ओळ असते. तिथे ‘एसओडिम’ असेल तर पट्टी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर मेमरी बोर्डावर डकवलेली आहे. वरची ‘स्लॉट्स यूज्ड’ ही ओळ एकटी वाचू नका. सोल्डर केलेल्या मेमरीतही ती ‘४ पैकी ४’ असं काहीतरी दाखवते आणि माणूस समजतो चार स्लॉट आहेत. काही लॅपटॉपांत ८ जीबी डकवलेली आणि वर एक रिकामा स्लॉट असाही मिश्र प्रकार असतो, तो टास्क मॅनेजरवरून पक्का कळत नाही. त्यासाठी तळाच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक टिपून कंपनीच्या तपशील-पानावर जावं लागतं. लेनोवोच्या पीएसआरईएफ या साइटवर मेमरी स्लॉटची ओळ वेगळी दिलेली असते. एचपीची सर्व्हिस मॅन्युअल पीडीएफ उघडी मिळते, डेलची ओनर्स मॅन्युअलही. मॉडेलचं नुसतं नाव घेऊन तिथे गेलात तर उपयोग नाही, क्रमांक पूर्ण हवा.

कारण नाव एकच असतं आणि आत बोर्ड वेगवेगळे. आयडियापॅड स्लिम ३ च्या आठव्या पिढीचा १५ इंची लॅपटॉप घ्या. १५एएमएन८ म्हणजे ७३२०यू-७५२०यू वाला. १५एबीआर८ म्हणजे ७५३०यू-७७३०यू वाला. १५आयएएन८ म्हणजे इंटेलचा एन-गट. १५आयआरयू८ म्हणजे इंटेलची १३वी पिढी, आणि १५आयएएच८ म्हणजे १२व्या पिढीचा जास्त वीज खाणारा एच-गट. पहिलं अक्षर ए असेल तर एएमडी, आय असेल तर इंटेल. पुढची दोन अक्षरं चिपचं घराणं सांगतात, शेवटचा आकडा पिढी. दुकानाच्या पाटीवर आणि ऑनलाइन यादीच्या मथळ्यात हे सगळे ‘स्लिम ३’. म्हणजे कंपनीच्या उतरंडीत तुमचा लॅपटॉप कुठे बसतो हे मालिकेच्या नावावरून कळत नाही, त्या चार-पाच अक्षरांवरून कळतं. फॉरवर्डमधल्या ‘फरक फक्त स्टिकरचा’ या वाक्याला याहून सरळ उत्तर नाही.

ऑफिस-मालिका आणि मिलिटरी ग्रेड. लेनोवोची ऑफिसकडची उतरंड साधारण अशी: सर्वांत खाली व्ही, मग थिंकबुक, मग थिंकपॅडमध्ये ई, एल, टी आणि वर एक्स१. एचपीकडे खाली २५०-२५५, वर प्रोबुक, मग एलिटबुक. ‘एंट्री-लेव्हल’ हा शब्द प्रत्येक उतरंडीत वेगळ्या यंत्राला लागतो: थिंकपॅड ई हा थिंकपॅडमध्ये पहिली पायरी आहे, पण व्ही१५ पेक्षा तो बराच वर बसतो. दोघांनाही ‘ऑफिसचा स्वस्त लॅपटॉप’ म्हणून एका तराजूत टाकू नका. व्ही१५ जी४ एएमएन मध्ये तोच ७३२०यू-७५२०यू आणि तीच सोल्डर केलेली मेमरी आहे. रंग आणि नाव ऑफिसचं, मदरबोर्डची पायरी आयडियापॅडमधल्या खालच्या यंत्राचीच. आणि एमआयएल-एसटीडी-८१०एच ही अमेरिकी संरक्षण खात्याची चाचणी-पद्धतींची पुस्तिका आहे. ते खातं लॅपटॉपला प्रमाणपत्र देत नाही. कंपनी त्यातल्या काही चाचण्या निवडते, त्या करते किंवा करवून घेते. केलेल्या चाचण्या खऱ्या असतात, तेवढं मान्य. पण त्यातून टेबलावरून पडलेला लॅपटॉप वाचेल अशी हमी निघत नाही, आणि पडून झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत बसतही नाही.

स्क्रीनबद्दल थोडक्यात. फुल एचडी म्हणजे फक्त १९२० बाय १०८० ठिपके. त्यापुढे तीन गोष्टी वाचा: टीएन की आयपीएस (स्क्रीनचे दोन प्रकार, आयपीएस बरा), किती निट (उजेडाचं माप), आणि रंगांची टक्केवारी (एनटीएससी या मापाच्या तुलनेत). खालच्या पायरीवर २२० किंवा २५० निट आणि ४५ टक्के एनटीएससी हे नेहमीचं. टीएन असेल तर स्क्रीन जरा तिरकी केली की रंग उलटतात, ड्रॉइंगच्या मुलांना त्यावर बारीक रेषा दिसत नाहीत. खिडकीजवळच्या टेबलावर २२० निट अपुरे पडतात. स्क्रीन नंतर बदलता येते, पण त्या खर्चात सुरुवातीलाच वरचं मॉडेल आलं असतं. टाइप-सी पोर्टबद्दलही तेच: शेजारी चार्जिंगची किंवा डिस्प्लेची खूण नसेल तर तो फक्त डेटासाठी आहे असं धरून चाला आणि तपशील-पानावर खात्री करा.

बजेट खरंच आखडतं असेल तर निवड अशी करा: आय३-१२१५यू किंवा ७५३०यू, मेमरीला किमान एक मोकळा स्लॉट, एम.२ एनव्हीएमई एसएसडी, आयपीएस स्क्रीन. स्लॉट मिळत नसेल तर पहिल्या दिवशीच १६ जीबी डकवलेली घ्या, ८ घेऊ नका. एसएसडी नंतर वाढवणार असाल तर आत २२४२ ची (४२ मिमी लांब) जागा आहे की २२८० ची (८० मिमी) ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. छोट्या जागेत लांब पट्टी बसत नाही. आणि तळ उघडायची वेळ आली तर आधी चार्जर काढा, मग बॅटरीची पिन सोडवा. स्क्रू दोन लांबीचे असू शकतात, काढताना जसे निघाले तसेच कागदावर मांडून ठेवा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला की तो वरच्या बाजूने कीबोर्डपाशी टोचतो.

भाचीच्या बाबांना कालच सांगितलं आहे: पावती घेऊन दुकानात जा, मॉडेल क्रमांक विचारा, आणि त्यात ‘एएमएन’ आलं तर तीच आगाऊ रक्कम दुसऱ्या मॉडेलवर वळवून घ्या.