‘क्वांटमनं सिद्ध केलंय’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

तालीम मंडळाच्या ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत एक लांबलचक मजकूर सध्या कोल्हापुरात फिरतोय. त्यातले दावे क्वांटमच्या, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या अतिसूक्ष्म गोष्टींच्या भौतिकशास्त्राच्या नावानं केलेले; थोडक्यात असे. माणसानं बघितलं की इलेक्ट्रॉन वागणं बदलतो, म्हणजे मनच जग घडवतं. २०२२ च्या नोबेलनं जग माया असल्याचं सिद्ध केलं. एंटँगलमेंटमुळे, म्हणजे दूर असूनही दोन कणांत राहणाऱ्या जुळलेल्या नात्यामुळे, दूरच्या माणसाला नुसत्या विचारानं बरं करता येतं. हे सगळं क्वांटम सिद्धान्ताचा एक जनक हायझेनबर्ग उपनिषदांतून शिकला. आणि खास आपल्यासाठी जोडलेलं शेपूट: अंबाबाईचा किरणोत्सव हा क्वांटमचाच चमत्कार. सगळ्यात खाली ‘क्वांटम तपासणी शिबिरा’ची जाहिरात.

पहिला दावा सगळ्यात जास्त पसरलाय आणि बाकीचे त्याच्याच आधारानं उभे आहेत, म्हणून त्याच्याकडे जरा निवांत बघू.

दोन फटींतून एकेक इलेक्ट्रॉन सोडला तरी पडद्यावर हळूहळू लाटांसारखे पट्टे उमटतात, आणि तो कुठल्या फटीतून गेला याची नोंद ठेवली की पट्टे जातात. इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर आहे. घसरतो तो ‘माणसानं बघितलं की’ या ठिकाणी. व्हिएन्नात अँटन झायलिंगर यांच्या गटानं १९९९ मध्ये हाच खेळ कार्बनच्या ६० अणूंच्या रेणूवर केला. सुमारे ९०० केल्विन तापलेल्या भट्टीतून रेणू निघाले आणि पट्टे स्वच्छ दिसले. २००४ मध्ये तिथेच ७० अणूंचे रेणू घेऊन त्यांना वाटेत लेझरनं आणखी तापवलं. तापलेली वस्तू प्रकाश फेकते, तसा रेणूही फेकतो. जितका जास्त तापवाल तितकी त्या प्रकाशाची तरंगलांबी आखूड आणि रेणू नेमका कुठे होता याचा पत्ता तितका चोख. तापमान वाढवत नेलं तसे पट्टे फिके होत गेले आणि शेवटी पुसले गेले.

आता बघा, रेणूनं फेकलेला तो प्रकाश कुणी पाहिला? कुणीच नाही. तो उपकरणाच्या भिंतीत जिरून गेला. ‘पण शेवटी शास्त्रज्ञानं आलेख बघितलाच की’ असं कुणी म्हणेल. बघितला, पण थंड रेणूंचाही बघितला आणि तापलेल्यांचाही. बघणारा तोच, डोळे तेच, तरी एकीकडे पट्टे आहेत आणि दुसरीकडे नाहीत. फरक पडला तो रेणूचा ठावठिकाणा भोवतालात उमटला की नाही, एवढ्यानं. या प्रकाराला डीकोहिरन्स म्हणतात.

मनाची कल्पना काही फॉरवर्डवाल्यानं हवेतून काढलेली नाही, हेही मान्य करू. गणितज्ञ फॉन नॉयमनच्या १९३२ च्या मांडणीत तिला जागा राहिली होती आणि युजीन विग्नरसारख्या नोबेल विजेत्यानं १९६१ मध्ये ती उघडपणे मांडली. पुढे डीकोहिरन्सवरचं काम वाचून विग्नर स्वतःच त्यावरून हटला. अनेक शक्यतांतून एकच निकाल का हाती येतो, हा प्रश्न अजून सुटलेला नाही आणि त्यावर भौतिकशास्त्रज्ञ जोरात भांडतात. पण सुटलेला नाही आणि मनानं सुटला, यात फार अंतर आहे.

नोबेलचं काय? ते ॲस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना एंटँगल्ड फोटॉनवरच्या, म्हणजे प्रकाशकणांवरच्या, प्रयोगांसाठी आणि बेलची असमता मोडल्याचं दाखवल्याबद्दल मिळालं. ही असमता एका खेळातून समजून घेता येते. एक गडी कोल्हापुरात, दुसरा सांगलीत, मधे फोन बंद. दोन्हीकडचे पंच आपापलं नाणं उडवतात आणि प्रत्येक गडी फक्त आपलं नाणं बघून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो. दोन्हीकडे काटा पडला तर उत्तरं वेगळी यायला हवीत, एरवी सारखी. आधी कितीही खलबतं करा, कुठलीही चिठ्ठी खिशात घालून जा, दीर्घकाळात शंभरातले जास्तीत जास्त ७५ डावच हाती लागतात; हीच मर्यादा म्हणजे बेलची असमता. दोघांनी डोळे मिटून कायम ‘हो’ म्हटलं तरी ७५. मात्र दोघांकडे एंटँगल्ड कणांच्या जोड्या असतील आणि नाणं बघून मोजमापाची दिशा ठरवली, तर सुमारे ८५ डाव जिंकता येतात.

जॉन बेलनं याचं गणित १९६४ मध्ये मांडलं. क्लाउझर आणि फ्रीडमननं १९७२ मध्ये, ॲस्पेनं १९८२ मध्ये ते प्रयोगात आणलं. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावरच्या हिऱ्यांतले इलेक्ट्रॉन वापरून उरल्यासुरल्या मोठ्या पळवाटाही बुजवल्या. त्यातून निघतं ते असं: कणांनी उत्तरं आधीच खिशात घालून आणलेली असतात आणि इथल्या मोजमापाचा तिथल्या निकालावर काहीही परिणाम होत नाही, या दोन गोष्टी एकत्र धरता येत नाहीत. यातली कुठली सोडायची यावर मतभेद आहेत. पहिली धरून दुसरी सोडणारा डेव्हिड बोमचा सिद्धान्तही या प्रयोगांशी जुळतो, आणि त्यात कण अगदी खरेखुरे, ठरलेल्या जागी असतात. ‘जग माया’ हा निकाल नोबेल समितीनं दिलेला नाही. मला विचाराल तर खरा निकाल त्याहून जास्त चक्रावणारा आहे.

विचारानं उपचार करण्याचा दावा याच खेळात बाद होतो. सांगलीच्या गड्याची उत्तरं एकटी पाहिली तर निम्मी ‘हो’, निम्मी ‘नाही’. कोल्हापुरात छापा पडो की काटा, त्यात कणभर फरक पडत नाही. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावरच मेळ दिसतो, आणि वही न्यायला एसटी नाहीतर फोन लागतोच. निरोपच जात नाही तिथे औषध कुठलं जाणार?

हायझेनबर्गचं उत्तर तारखांतच आहे. त्याची मांडणी १९२५ ची, अनिश्चिततेचं तत्त्व १९२७ चं. तो भारतात येऊन रवींद्रनाथांना भेटला १९२९ मध्ये. श्रोडिंगर उपनिषदं मनापासून वाचायचा, हे खरं. पण त्याचं १९२६ चं समीकरण कणही लाटेसारखा वागतो या द ब्रॉयच्या कल्पनेतून आलं आणि टिकलं ते हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या बरोबर सांगितल्या म्हणून. अभिमानच बाळगायचा तर १९२४ मध्ये ढाक्यात बसून फोटॉन मोजायची नवी रीत काढणारे सत्येंद्रनाथ बोस आहेत. त्यांचं नाव त्या फॉरवर्डात नाही!

किरणोत्सव म्हणजे मावळतीचे किरण अंबाबाईच्या मूर्तीवर पडण्याचा सोहळा. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या तारखा कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ आहेत. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंतचे दिवस मोजा, मग तिथून १ फेब्रुवारीपर्यंतचे मोजा. एकीकडे ४१, दुसरीकडे ४२. म्हणजे दोन्ही वेळा सूर्य आकाशात जवळपास त्याच वाटेवर असतो आणि पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंतची रेषा तेव्हा त्याच्या समोर येते. सूर्य खाली जाईल तसा किरण आडवा होतो आणि चरणांवरून वर चढत जातो. ढग, धूळ किंवा वाटेतलं बांधकाम आडवं आलं की तो अडतो. ही भूमिती आहे, आणि ज्या कारागिरांनी ती साधली त्यांचं श्रेय एंटँगलमेंटला देणं मला तरी पटत नाही. सूर्यात क्वांटम शोधायचंच तर त्याच्या गाभ्यात आहे. तिथल्या दीड कोटी अंशांतही प्रोटॉन एकमेकांना भिडण्याइतके वेगवान नसतात. ते टनेलिंगनं, म्हणजे पुरेशी ऊर्जा नसतानाही अडथळ्यापलीकडे पोचण्याच्या क्वांटम गुणानं, भिडतात, म्हणून सूर्य जळतो.

राहिलं शिबिर. मुठीत दांडी धरायची, मिनिटभरात किडनीपासून व्हिटॅमिनपर्यंत सगळ्याचा रिपोर्ट, आणि यंत्राच्या नावात ‘क्वांटम मॅग्नेटिक रेझोनन्स’. खरा मॅग्नेटिक रेझोनन्स, म्हणजे एमआरआय, क्वांटमवरच चालतो. त्यासाठी सहसा १.५ किंवा ३ टेस्ला ताकदीचा चुंबक लागतो आणि त्याची वेटोळी द्रव हेलियमनं उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवावी लागतात. टेबलावरच्या डबीत यातलं काय आहे, हे पैसे भरायच्या आधी विचारा. उत्तर मिळालं तर तेही ग्रुपवर टाका.