‘३६० हर्ट्झ घ्या आणि मोकळे व्हा’ : या सल्ल्यात मेख कुठे आहे?

सध्या एक सल्ला जिकडेतिकडे पुढे ढकलला जातोय. समोर दोन मॉनिटर आहेत: एक साडेचोवीस इंची, १०८०पी (१९२० × १०८० पिक्सेल), ३६० हर्ट्झ (सेकंदाला ३६० वेळा चित्र बदलणारा), दुसरा २७ इंची, १४४०पी (२५६० × १४४० पिक्सेल), १८० हर्ट्झ. सल्ला म्हणतो, डोळे झाकून पहिला घ्या. हर्ट्झ दुप्पट म्हणजे खेळ दुप्पट गुळगुळीत, खोक्यावर ‘१ मिलिसेकंद’ (पिक्सेलचा रंग बदलायला लागणारा वेळ) आहे म्हणजे धूसरपणा गेला, १४४०पी म्हणजे ग्राफिक्स कार्डावर नुसतं ओझं, आणि गेमिंगला चांगला तो सगळ्यालाच चांगला.

‘हर्ट्झ दुप्पट, मजा दुप्पट’

६० हर्ट्झवर एक फ्रेम, म्हणजे एक स्थिर चित्र, पडद्यावर १६.७ मिलिसेकंद थांबते, १४४ वर ६.९. इथे जवळपास १० मिलिसेकंद वाचतात आणि ते कुणालाही जाणवतात. १८० वर फ्रेम ५.६ मिलिसेकंद थांबते, ३६० वर २.८. आकडा दुप्पट झाला, पण वाचले जेमतेम २.८ मिलिसेकंद.

फरक अजिबात नाही असं मात्र नाही. एखादी वस्तू सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकतेय आणि नजर तिच्या मागे आहे असं धरा. ६० हर्ट्झवर ती १६ पिक्सेल पसरलेली दिसते, १८० वर पाचेक, ३६० वर पावणेतीनच्या आसपास. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंटसारखे नेमबाजीचे गेम रोज तासन्‌तास चुरशीने खेळणाऱ्याला हे उपयोगी आहे. अट एकच: मशीनने खरोखर तेवढ्या फ्रेम दिल्या पाहिजेत. असल्या खेळांत बहुतेक वेळा कार्डाआधी प्रोसेसर दमतो, हे सल्ला देणारे सांगत नाहीत. आणि जड ओपन-वर्ल्ड गेममध्ये कार्ड ९० फ्रेम देत असेल, तर दोन्ही पडद्यांवर त्याच ९० दिसणार. ३६० वाला प्रत्येक फ्रेम वरून खाली जरा लवकर रंगवतो, एवढाच काय तो फायदा उरतो.

म्हणून खरेदीआधी तुमचा नेहमीचा गेम १०८०पीवर लावा, व्हीसिंक (चित्र आडवं फाटू नये म्हणून फ्रेम मॉनिटरच्या दराला बांधणारं सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद ठेवा, फ्रेम काउंटर चालू करा आणि सगळ्यात गर्दीच्या प्रसंगात पाहा. सरासरी सोडा, तळाचा आकडा बघा. तो दोनशेच्या खालीच घुटमळत असेल तर ३६० हर्ट्झचे पैसे खोक्यातच राहतील.

‘१ मिलिसेकंद म्हणजे धूसरपणा शून्य’

हा दावा सरळ चूक आहे. तो आकडा बहुधा राखाडीच्या एका छटेवरून दुसरीवर जाण्याच्या सर्वांत वेगवान बदलाचा असतो, तोही ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला लवकर रंग बदलायला लावणारं मॉनिटरचं सेटिंग) शेवटच्या टोकाला नेऊन मोजलेला. त्या सेटिंगवर प्रत्यक्ष खेळलात तर पिक्सेल लक्ष्याच्या पुढे धावतो आणि हलत्या वस्तूमागे उजळ कडा उमटते. टेस्टयूएफओ या मॉनिटर तपासायच्या संकेतस्थळावरची सरकती तबकडी चालू करून तिच्या शेपटीकडे बघा: गडद शेपूट म्हणजे ओव्हरड्राइव्ह कमी, चमकती कडा म्हणजे जास्त. बहुतेक मॉनिटरवर मधली पायरी बरी पडते. व्हीआरआर (मॉनिटरचा दर गेमच्या फ्रेमशी जुळवून घेणारी सोय) चालू असताना फ्रेम ७०पर्यंत घसरल्या, तर १८० ला जमणारी पायरीही जास्त होऊ शकते. तेव्हा एक पायरी खाली या.

आकड्यापुढे ‘एमपीआरटी’ लिहिलं असेल तर गोष्टच वेगळी. तिथे बॅकलाइटची (पडद्यामागच्या दिव्याची) उघडझाप करून धूसरपणा कमी केलेला असतो. त्यात पडद्याचा उजेड कमी होतो आणि व्हीआरआर बहुतेकदा बंद करावा लागतो. पॅनेल व्हीए (एलसीडीचा एक प्रकार) असेल तर अंधाऱ्या दृश्यांत काळे फराटे दिसण्याची शक्यता जास्त, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

‘१४४०पी म्हणजे कार्डावर ओझं’

हे अर्धं खरं. पिक्सेल १.७८ पट होतात. पण डीएलएसएस किंवा एफएसआर (गेम कमी पिक्सेलांत रंगवून चित्र मोठं करणारी तंत्रं) ‘क्वालिटी’वर ठेवलं की गेम आतून साधारण १७०७ × ९६० वर चालतो, म्हणजे निव्वळ १०८०पीपेक्षाही कमी पिक्सेल. वाढवण्याच्या प्रक्रियेचा थोडा भार पडतो, तरी जुळतं. बदल्यात मिळतं काय? साडेचोवीस इंची १०८०पीवर इंचाला ९० पिक्सेल, २७ इंची १४४०पीवर १०९. दूरच्या खिडकीतलं डोकं जास्त पिक्सेलांत रंगतं आणि अक्षरांच्या कडा स्वच्छ दिसतात. (२७ इंची १०८०पी मात्र घेऊ नका. तिथे इंचाला ८२ पिक्सेल, आणि रोजचं वाचन खरखरीत दिसतं.)

‘गेमिंगला चांगला तो सगळ्याला चांगला’

कन्सोल जोडायचा असेल तर पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स १२० हर्ट्झच्या वर जात नाहीत; ३६० मधले उरलेले २४० बसून राहतील. पीएस ५ ला १४४०पीची सोय २०२२ पासून आहे, पण या कन्सोलचा व्हीआरआर हवा असेल तर मॉनिटरचं एचडीएमआय पोर्ट २.१ चं आहे का ते आधी तपासा. दिवसभर कोड, तक्ते किंवा लेखन असेल तर १४४०पीच घ्या, इथे वादाला जागा नाही. सिनेमासाठी मात्र दोन्ही सुमारच: पॅनेल आयपीएस (एलसीडीचा दुसरा प्रकार) असेल तर काळा रंग राखाडीकडे झुकतो, आणि ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ हा उजळ-गडद चित्रांसाठीचा शिक्का स्थानिक डिमिंगशिवायही (पडद्याचा हवा तेवढाच भाग मंद करण्याच्या सोयीशिवायही) मिळतो.

आता घेतल्यावरचा घोळ. कोणताही घ्या, केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टला लावा, मदरबोर्डच्या नव्हे. एचडीएमआय २.० वर १४४०पी साधारण १४४ हर्ट्झला अडतं, त्यामुळे डिस्प्लेपोर्ट वापरा. विंडोज बरेचदा ६० वरच बसून असतं: सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडा. व्हीआरआर चालू असेल तर फ्रेमची मर्यादा कमाल दरापेक्षा तीन-चारने कमी ठेवा, १८० ला १७६. नाहीतर फ्रेम वर सटकतात आणि चित्र पुन्हा फाटायला लागतं.