रेडमी १२ ५जी की १३सी ५जी: पडदा आधी बघा
रेडमीच्या या दोन फोनची तुलना करणाऱ्या एका लेखात १३सी ५जीला 'नंतर आलेला' म्हणून झुकतं माप दिलंय. ते पटलं नाही. १२ ५जी ऑगस्ट २०२३चा, १३सी ५जी डिसेंबर २०२३चा. चार महिन्यांचाच फरक. सुरुवातीच्या किमतीही जवळपास सारख्याच होत्या. बॅटरी दोन्हीकडे ५००० एमएएच, चार्जिंग १८ वॉट, मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेल.

खरा फरक पडद्यात आहे. १२ ५जीला २४६०×१०८० (इंचाला सुमारे ३९६ पिक्सेल), तर १३सीला फक्त १६००×७२० (सुमारे २६०). बारीक टाइपात 'क्ष्म', 'द्ध्य' अशी जोडाक्षरं १३सीवर फिसकटलेली दिसतात. मराठी वाचणाऱ्यानं हे आधी बघावं! शिवाय १२ ५जीला काचेची पाठ आणि ४ नॅनोमीटरचा स्नॅपड्रॅगन ४ जेन २ प्रोसेसर (हा आकडा लहान, तितकी चिप सहसा बॅटरी कमी खाते). १३सीचा डायमेन्सिटी ६१००+ हा ६ नॅनोमीटरचा. त्यामुळे किंमत सारखी असेल तर १२ ५जीच घ्या. १३सी निदान हजारभर स्वस्त मिळाला तरच त्याचा विचार करावा.

४ जीबी रॅमचा मात्र दोन्हीतला नको. पेमेंट ॲपवरून ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलं, की रॅम कमी पडून परतताना ॲप कधी कधी पुन्हा पहिल्यापासून उघडतं. 'व्हर्च्युअल रॅम' स्टोरेजमधून घेतलेली असते, खऱ्या रॅमइतकी वेगवान नसते. मेमरी कार्डानंही रॅम वाढत नाही. थोडे पैसे जास्त घालून ६ जीबीचाच घ्या.

जुना फोन घेत असाल तर *#06# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा, 'KYM' लिहून जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा. उत्तरात फोन काळ्या यादीतला (चोरीचा वगैरे म्हणून बंद केलेला) निघाला तर पैसे देऊच नका.