नाणेघाटातील अंक आणि शून्य

अंकांच्या आणि शून्याच्या इतिहासावर प्रसिद्ध झालेल्या लेखात बॅबिलोनच्या साठावर आधारलेल्या गणनेची मांडणी सविस्तर आली आहे. मात्र भारतात स्थानमूल्य, म्हणजे अंकाच्या जागेवरून त्याची किंमत ठरण्याची पद्धत, आणि शून्य प्रारंभापासूनच होते, हे त्यातील विधान मला मान्य करता येत नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात, सातवाहन राणी नागनिकेच्या यज्ञांची आणि दानांची नोंद असलेला इसवी सनापूर्वीचा, ब्राह्मी या प्राचीन लिपीतला शिलालेख आहे, आणि त्यात गाई, हत्ती, कार्षापण नाणी यांच्या संख्या अंकांतच कोरलेल्या आहेत. त्यांतील 24,400 ही संख्या पाहावी. ती लिहिताना वीस हजार, चार हजार आणि चारशे अशी तीनच चिन्हे एकापुढे एक येतात; चार हजारांचे चिन्ह म्हणजे हजाराच्या खुणेला जोडलेला चार, आणि हा चार अधिकाच्या चिन्हासारखा दिसतो. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र खुणा असल्यामुळे रिकामी जागा दाखवण्याची गरजच पडत नव्हती, म्हणून 10,001 लिहायलाही दोन चिन्हे पुरत. शून्यासह स्थानमूल्याने लिहिलेली संख्या ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातील इ. स. 876 च्या शिलालेखात स्पष्ट दिसते, जिथे बागेचे माप देताना 270 हा आकडा आजच्याप्रमाणेच कोरला आहे. मधल्या शतकांतील हा प्रवास मला शून्याच्या जन्मकथेइतकाच मोलाचा वाटतो. नाणेघाट चढणाऱ्यांनी पुढच्या वेळी त्या भिंतीपाशी थोडे थांबून अक्षरांमधले हे अंक अवश्य शोधावेत, फक्त झिजत चाललेल्या त्या दगडाला हात लावू नये.